रायटरांची बारा घरं

वीस वर्षं मी बेळगावच्या एका शाळेत पोरांना घागर, चौरंग आणि केळीचा घड काढायला शिकवतो आहे. अशा माणसानं प्रवासवर्णन लिहायला बसणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास, हे मला कळतं. पण आमच्या मास्तरमंडळींत काशी-रामेश्वर करून आलेले चौघे आहेत, आणि सकाळी गाडीत बसलं तर दुपारी जिथं उतरता येतं ते सुप्याचं रान पाहिलेला एकही नाही. त्यांच्यासाठीच हे लिहितो. वाचून एखादा जरी निघाला तरी माझ्या पायांचे फोड सत्कारणी लागले म्हणेन.

मला एक वेड आहे. गेल्या शतकात विलायतेत पोलादी पत्र्यावर चित्रं कोरून छापायची मोठी चाल होती, आणि त्यातही जुन्या कवींची, ग्रंथकारांची घरं काढायची एक स्वतंत्र हौस होती. कवी मरून शंभर-दोनशे वर्षं झालेली असायची. तरी चित्रकार त्या गावी जायचा, घरासमोर बसायचा, दार, खिडकी, धुराडं, कुंपणावरची वेल सगळं टिपायचा, आणि मग कोरणारा एकेक पान केसाएवढ्या रेघेनं पत्र्यावर उतरवायचा. अशा एका बारा चित्रांच्या संचातली तीन फाटकी पानं मी एकदा एका मित्राकडे पाहिली होती. रात्रंदिवस तीच डोळ्यांपुढं होती. बाकीची कुठं बघायला मिळतील याची आशा मी सोडून दिली होती.

आणि माझ्या मावसभावाचं पत्र आलं. हा बाळकृष्ण कॅसलरॉक स्टेशनात माल-कारकून आहे. त्यानं लिहिलं होतं, "दादा, इथून एक मजल रानात एका म्हाताऱ्याच्या घरी भिंतीला तुझ्या वेडाची चित्रं लावलेली आहेत. बारा मोजली. सुटी लागताच निघ." मी सुटी लागायच्या आदल्या दिवशीच ट्रंक भरली.

कॅसलरॉक

लोंढ्याच्या पुढं रान गाडीच्या इतकं जवळ येतं की खिडकीतून हात काढला तर पान तोडता यावं. कॅसलरॉक हे गाव कसलं, ते स्टेशनच. गाडी आली की सगळे जागे, गेली की सगळे आडवे. गोव्याहून येणाऱ्यांच्या ट्रंका इथं जकातवाले उघडून बघतात, त्यामुळं फलाटावर नेहमी कुणाचं तरी धोतर, कुणाचे तरी काजू उघड्यावर पडलेले असतात. बाळकृष्णाच्या बायकोनं फणसाची भाजी केली होती. आमच्याकडं फणस म्हणजे गऱ्यांचा, इथं कोवळ्या फणसाची भाजी तीन-तीन वेळा वाढतात आणि चौथ्यांदा विचारतात.

चित्रांची हकीकत त्यानं जेवता जेवता सांगितली. रेल्वेचा एक इंजिनिअर साहेब कायमचा विलायतेला गेला. त्याचं सामान वाहायला रानातली माणसं आली होती. जे न्यायचं नव्हतं ते साहेबाच्या गोवेकर बटलरनं त्यांना वाटून टाकलं. कुणाला बरण्या मिळाल्या, कुणाला खुर्ची. धाको बुधवंताला ही चित्रं मिळाली. बुधवंत म्हणजे तिकडच्या, बाजारकुणंग गावाजवळच्या वाडीचा मानकरी, चार माणसांत ज्याचा शब्द चालतो तो.

"आणि ती बघ, त्याची बायकोच आली आहे मिठाला," बाळकृष्ण म्हणाला.

मालधक्क्यापाशी पन्नाशीची एक बाई मिठाचं गाठोडं डोक्यावर चढवत होती. शेवंती तिचं नाव. मी तिला आमच्या बेळगावी रीतीनं अक्का म्हटलं आणि बरोबर येऊ का विचारलं. तिनं माझ्या नव्या कोऱ्या बुटांकडं पाहिलं.

"तुमी येशीला की ओ मास्तर. ही बुटं येत्यात का बगा."

बाजारकुणंगच्या वाटेवर

बुटं आली नाहीत. दुसऱ्या चढावर ती काढून मी गळ्यात अडकवली आणि अनवाणी चालू लागलो. शेवंतीअक्का पुढं, डोक्यावर मीठ, आणि श्वास असा की जणू ओटीवर बसली आहे. उन्हाळ्याचे दिवस असून त्या रानात ऊन जमिनीला लागत नव्हतं. मी चित्रकार म्हणवतो, पण हिरव्या रंगाच्या इतक्या जाती असतात हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या पेटीत हिरव्या रंगाची एकच वडी होती आणि तिची मला लाज वाटली.

एका ओढ्यावर तिनं फडकं सोडलं. नाचणीची भाकरी आणि पानात बांधलेली तांबडी, आंबट चटणी. मी बोटं चाटली. कसली म्हणून विचारलं तर म्हणाली, "झाडावरच्या." मला वाटलं एखादं फळ असेल. दुसऱ्यांदा घेतल्यावर तिनं वर फांदीकडं बोट केलं. पानं शिवून केलेलं मुंग्यांचं घरटं लोंबत होतं. पोटात गेलेलं काही परत येत नाही आणि जिभेनं तर केव्हाच कौल दिला होता. मी तिसऱ्यांदा घेतली. आमच्या घरी हे वाचलं जाणार आहे, म्हणून इथं इतकंच लिहितो की चटणी उत्तम होती.

"आमच्या न्हवऱ्याला काय म्हणून हाक मारशीला?" तिनं वाटेत विचारलं.

"अज्जा म्हणेन."

"मला अक्का आन् त्येला अज्जा! म्हंजे मी तरणी की त्यो म्हातारा?" आणि पुढचा सगळा चढ ती यावर हसत होती.

धाको अज्जाच्या घरी

वाडी बाजारकुणंगच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत, पाच घरांची. धाको अज्जा अंगणाच्या कडेला येऊन उभा होता. साठीचा, काटक, कमरेला कोयता. माझ्या हातातली ट्रंक घेत म्हणाला, "या मास्तर, गरिबाच्या खोपीत या." पाय धुवायला पाणी दिलं, पेज दिली, आणि मगच काय काम म्हणून विचारलं.

पण मी भिंतीकडं बघत होतो. लालसर मातीच्या सारवलेल्या भिंतीवर, बांबूच्या खुंट्यांनी टोचलेली, धुरानं तपकिरी झालेली बारा चित्रं! कडा कसरीनं खाल्ल्या होत्या, पण रेघ शाबूत होती. एका घरामागं एल्मची की कसली झाडं होती, त्यांच्या पानापानावर ऊन पडलं होतं आणि ते ऊन निव्वळ कोरी जागा सोडून दाखवलेलं होतं. तळ्यातलं प्रतिबिंब आडव्या रेघांनी काढलं होतं आणि रेघा मोजता येत होत्या. खाली इंग्रजीत कवीचं नाव. जी नावं आम्ही शाळेत छड्या खात घोकली, तीच. माझे डोळे भरून आले. कुठं ती विलायत, कुठला तो कोरणारा, आणि कुठं हे सुप्याचं रान!

"रायटर लोकांची घरं हायती," अज्जा अभिमानानं म्हणाला. "बटलरनं सांगितलं."

बटलरनं सांगितलं ते शब्दाला धरून खरंच होतं. साहेब म्हणाला असेल रायटर, म्हणजे ग्रंथकार. पण आपल्या मुलखात रायटर म्हणजे कचेरीत टाक चालवणारा कारकून. अज्जाला दुसरा रायटर ठाऊकच नव्हता. आणि त्यानं चित्रं माझ्यापेक्षा बारकाईनं पाहिली होती.

"बगा, गोठा न्हाई. गवताची उडवी न्हाई. नांगर न्हाई, तुळस न्हाई. म्हंजे सगळी नोकरीवाली माणसं. आन् लाकूड बगा किती वापरलंय! ह्येंना लाकूड मिळतं, कारण सरकारनं ह्येंची घरं कागदावर काढल्यात. आमचं कागदावर न्हाई."

मग त्यानं मला आत नेलं. घराचा मधला खांब किंदळाच्या लाकडाचा, त्याच्या बापानं उभा केलेला. वाळवीनं तो बुडाशी पोखरला होता. शेजारी तीन बांबू टेकू म्हणून लावले होते आणि वरचं आढं टेकूकडं झुकलं होतं. पावसाचा भार आला की ते खाली येणार, हे सांगायला इंजिनिअर नको होता. मुलगा, सून, दोन नातवंडं, सगळी याच आढ्याखाली झोपत. अज्जानं खांबासाठी जंगल कचेरीत दोन अर्ज दिले होते. दोन्ही परत आले. कायदा असा की रानातलं खांबाचं लाकूड घरालाच मिळतं. खोपीला, म्हणजे तात्पुरत्या झोपडीला, फक्त काठ्या. आणि तीन वर्षांपूर्वी घरांची नोंदणी झाली तेव्हा कचेरीच्या वहीत अज्जाच्या घरापुढं खोप असं लिहिलेलं होतं.

"का लिवलं ते देवाला ठावं. आता जंगल-सायेबाचा तळ सुप्याला पडलाय. मिरगाच्या आत खांब उभा ऱ्हायला पायजे, न्हाई तर घर ऱ्हात न्हाई. मास्तर, तुमी ड्रॉइंगवाले. माझं घर असंच काढून द्या, ह्या रायटरांच्या घरागत. ही बारा तुमी न्या."

मनात लाडू फुटले हे कबूल करतो. पण खोट्या समजुतीवर सौदा करणं जिवावर आलं. मी म्हटलं, "अज्जा, हे रायटर कचेरीतले नव्हेत. हे कवी. गाणी लिहिणारे. लोकांना त्यांची गाणी आवडायची म्हणून त्यांची घरं काढली. लाकडाशी याचा संबंध नाही."

अज्जानं एका चित्राला नाक लावून पाहिलं.

"गाणी आवडायची?"

"हो."

"मग गाणं काढायचं की. घर कशाला काढलं?"

मी त्या बारा घरांकडं पुन्हा एकदा पाहून घेतलं.

"चित्र दाखवून लाकूड मिळेलच असं नाही, अज्जा," मी शेवटचं सांगून पाहिलं.

"न्हाई मिळालं तर न्हाई. बोललो ते बोललो. चित्रं तुमचीच," तो म्हणाला आणि मला बसायला पाट आणला. अशा माणसापुढं मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

मी तीन दिवस त्या अंगणात बसलो. आयुष्यात इतकं मन लावून मी काही काढलेलं नाही. घर काढायचं म्हणजे आधी ते कळावं लागतं. त्यात खिळा एक नव्हता. वेलीनं बांधलेले वासे असे बसले होते की सुरी जाऊ नये. जोतं हातभर उंच, सोपा तिन्ही बाजूंनी, पागोळ्यांचं पाणी कुठं जावं याचाही विचार केलेला. आमच्या बेळगावात कंत्राटदारानं बांधलेलं माझं घर दुसऱ्याच पावसात गळलं, ते आठवून मी पेन्सिलीला टोक काढत राहिलो. शेवंतीअक्का येता-जाता मागं उभी राहून चुका काढी. "तिसरा वासा वाकडा हाय, तुमी सरळ केलाय. सुम्म, नुसता जसा हाय तसा काढा." भिंतीवरच्या चित्रांसारखं मी तळाशी नाव घातलं: धाको बुधवंत यांचे घर. टेकूचे तीन बांबूही काढले.

सुपा

चौथ्या दिवशी पहाटे तिघं निघालो. अक्का का येते म्हणून अज्जा कुरकुरला, तर म्हणाली, "तुमी कचेरीत गेलं की मुकं व्हताय." वाटेत एका वाडीत मुक्काम केला, तिथं मधाचं पोळं समोर ठेवून आमचं स्वागत झालं. दुसऱ्या दुपारी काळी नदी दिसली. सुपा गाव तिच्या काठाला टेकून बसलेलं आहे. पाणी उन्हाळ्यातही गडद, आणि दोन्ही तीरांवर झाडं इतकी वाकलेली की नदीला छत्री धरली आहे असं वाटतं. मी ते दृश्य काढायला बसणार होतो, पण अज्जाचा चेहरा पाहून पेटी उघडली नाही. त्यानं सकाळपासून तंबाखूही खाल्ली नव्हती.

साहेबांचा तळ आमराईत होता. साहेब आपल्यातलेच होते, धारवाडकडचे, चष्मा लावणारे. शेजारी पाटावर वही घेऊन रायटर. आमची पाळी आल्यावर मी चित्र पुढं केलं आणि हकीकत सांगितली. साहेबांनी चित्र उजेडाकडं धरलं, बराच वेळ पाहिलं.

"सुरेख आहे मास्तर. पण वहीत खोप आहे. असं का, रायटर?"

रायटरनं पान काढून वाचलं. "सदर इसमाने समक्ष विचारले असता, आपली खोप असल्याचे स्वतः सांगितले."

मी थक्क झालो. साहेब अज्जाकडं वळले. चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "हे तुमचंच का?"

अज्जानं हात जोडले. मान लववली. आणि पाहुण्याला बोलवावं तशा गोड आवाजात म्हणाला, "व्हय सायेब. गरिबाची खोप हाय."

मी डोळे मिटून घेतले. माझे तीन दिवस, दोन दिवसांची पायपीट आणि त्या घरातल्या सगळ्यांचं छप्पर, एका शब्दात पाण्यात गेलं! आता मला उमगलं. तीन वर्षांपूर्वी नोंदणीला रायटर दारात आला, तेव्हाही अज्जानं असंच हात जोडून सांगितलं असणार. दारी आलेल्यापुढं आपल्या घराला घर म्हणणं त्याच्या रीतीत बसतच नव्हतं.

तोवर आंब्याच्या बुंध्याशी बसलेली शेवंतीअक्का उठून तरातरा पुढं आली होती.

"सायेब, त्येंचं ऐकू नगा! पावण्याला बोलिवताना खोप म्हंत्यात. आमी ऱ्हातो ते घर हाय." मग नवऱ्याकडं वळून, "लाज वाटती व्हय घर म्हणायला? चाळीस वरसं सारिवलंय मी. खोप कोण सारिवतंय चाळीस वरसं?"

अज्जा पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"रायटर, गेल्या महिन्यात तुम्ही मला जेवायला बोलावलंत. काय म्हणून बोलावलंत?"

रायटरचे कान लाल झाले. "आमच्या झोपडीला पाय लागू द्या, असं म्हणालो साहेब."

"मग तुमच्या नावापुढं झोपडी लिहू?"

आधी रायटरच हसला, मग सगळी आमराई हसली. तो भला माणूस होता. त्यानं ऐकलं ते लिहिलं होतं, आणि आता त्यानंच टाक शाईत बुडवून साहेबांपुढं धरला. साहेबांनी खोप शब्दावर रेघ ओढली, वर घर असं लिहिलं आणि सही केली. किंदळाच्या एका खांबाचा परवाना तिथंच झाला. माझं चित्र मात्र त्यांनी मागितलं. ते कागदांबरोबर दफ्तरात बांधलं गेलं. माझं सगळ्यात चांगलं काम आज सुप्याच्या कचेरीत लाल रुमालात आहे, आणि ते पाहायला कुणी येणार नाही. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी घरी सांगतो.

निघताना अज्जानं रायटरला विचारलं, "तुमचं घर कंचं?" रायटरनं नदीकडच्या एका भाड्याच्या दोन खणी जागेकडं बोट केलं. कौलं सरकलेली, दाराला पोतं. अज्जा बघतच राहिला. गावाबाहेर आल्यावर म्हणाला, "मास्तर, तुमचंच खरं. चित्रातले ते ह्ये न्हवंत. गाणीवालेच आसतील."

परत

वाडीत पोचलो त्या संध्याकाळी पाचही घरांतली माणसं जमली. उद्या खांब तोडायला कुणी जायचं यावर गोड भांडण झालं. मला कणगं, आपल्या रताळ्यासारखे कंद, उकडून दिली, वर गूळ. आणि सकाळी अज्जानं भिंतीवरची चित्रं एकेक करून उतरवली. बांबूची खुंटी काढायची, फुंकर मारायची, माझ्या हातात द्यायचं. अकरा झाली. बाराव्यापाशी तो थांबला.

ते सगळ्यांत लहान घर होतं. गवती छप्पर, खाली झुकलेली वळचण, आणि तिला आधार म्हणून भिंतीशी एक दांडा उभा केलेला. इतका वेळ मी तो दांडा पाहिलाच नव्हता. माझं लक्ष झाडाच्या पानांवर होतं.

"खाली काय लिवलंय?" अज्जानं विचारलं.

मी वाचलं. कवीचं नाव, आणि पुढं कॉटेज.

"म्हंजे?"

"म्हणजे झोपडी. खोप म्हणा की."

अज्जानं चित्र हातात घेतलं, दारापाशी उजेडात नेलं. जोतं बघितलं, दोन खिडक्या बघितल्या, धुराडं बघितलं.

"शेवंते, हिकडं ये. बग, चांगलं घर हाय. ह्येनं बी लाजून खोप सांगितलं, आन् कुणी तरी लिवून घेतलं." मग मला म्हणाला, "ह्येला दांड्याच्या जागी खांब मिळाला का मास्तर?"

तो कवी. हयातभर लोकांनी त्याची गाणी म्हटली आणि म्हणता म्हणता त्याचं घर विसरले. पुढं तो मेल्यावर ते घर काढायला चित्रकार आले. मला खोटं बोलवेना.

"नाही मिळाला, अज्जा."

"मग ह्यो हितंच ऱ्हाऊ दे, आमच्या खांबाच्या आसऱ्याला," तो म्हणाला, आणि बांबूची खुंटी बोटानं दाबून ते चित्र त्यानं पुन्हा भिंतीला लावलं. मी अकरा चित्रं वळकटीत बांधली आणि कॅसलरॉकच्या वाटेला लागलो.